अडवलेल्या पुस्तकांचं टेबल : बडोद्यातल्या एका छोट्या प्रदर्शनाच्या नोंदी

८ जून २०२५

समितीची बैठक झाली. दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतलं आमचं वाचनालय म्हणजे एक खोली, एक ओसरी आणि नऊ कपाटं. गणपतीत दरवर्षी ओसरीवर काहीतरी मांडायचं असतं. सयाजीरावांच्या शिक्षणकार्याचे फलक आजवर तीनदा लावून झाले. त्यातल्या एका फलकावरचे महाराज ऊन लागून निळे पडलेत. म्हणून मी म्हटलं, यंदा जप्त झालेली, अडवलेली पुस्तकं मांडू या. लोकांनी ती तरीही का वाचली, हेही लिहू.

कार्यवाह काका म्हणाले, "विघ्नहर्त्याच्या शेजारी विघ्नं कशाला?"

चहा दोनदा झाला. शेवटी ठरलं ते असं : दहा-बारा पुस्तकं, त्याहून जास्त नाही. प्रत्यक्ष प्रत हवी, आमची किंवा कुणाच्या घरून उसनी आणलेली. मुखपृष्ठाचा फोटो चालणार नाही, ही माझी अट. काकांची अट, ज्यांचा कायद्यानं निकाल लागलाय तीच ठेवायची. मी हो म्हटलं आणि लगेच जेम्स लेनचं शिवचरित्र सुचवलं. त्यावरून पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला तो ५ जानेवारी २००४ ला. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बंदी घातली आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं ती उठलेलीच ठेवली. म्हणजे निकाल लागलेला आहे. काका म्हणाले, "तो निकाल वेगळा." पुढे कुणी बोललं नाही. मीही नाही.

१५ जून

टेबलाची सुरुवात घरातूनच करायची म्हणून ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडायला घेतलं. ग्रंथपालबाईंनी किल्ली दिली, पण "त्यात काही नाही हो," असं दोनदा सांगितलं. होतं. जुनी दप्तरं, दोन तबले आणि खाली एका खणात खाकी कागद चढवलेली सोळा-सतरा पुस्तकं. कुठल्याच पाठीवर नाव नाही, नुसते नंबर.

त्यात 'सखाराम बाइंडर' सापडलं. पाठ उसवलेली, पानांचे कोपरे मऊ झालेले, आतली देवघेवीची चिठ्ठी भरल्यावर तिच्यावर दुसरी चिकटवलेली. शेजारच्याच उघड्या कपाटात ललित निबंधांचे संच आहेत, त्यांची काही पानं अजून फाडलेलीदेखील नाहीत. ही तुलना फलकावर लिहायची नाही असं ठरवलंय. देणगीदाराचे नातू येतात.

आता मुद्दा असा. तेंडुलकरांच्या या नाटकाचं १९७२ साली वाजलं ते प्रयोगावरून. परिनिरीक्षण मंडळानं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरनं, प्रयोग अडवला, दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. पुढे त्यांनी 'बाइंडरचे दिवस' लिहून ती सगळी कटकट सांगितलीही. छापील पुस्तकाला कुणी हात लावला नव्हता. तरी दुसऱ्या राज्यातल्या या एवढ्याशा वाचनालयानं ते कुलपात ठेवलं. कुणाच्या हुकमानं? जुन्या इतिवृत्तात शोधलं, ठराव नाही. बाई म्हणाल्या, "माझ्या आधीपासून तिथंच आहे." आणि वाचणाऱ्यांना ते तिथं आहे हे बरोब्बर माहीत होतं. नावावरून नव्हे, नंबरावरून मागत.

२४ जून

मांडवीला सेंट्रल लायब्ररीत गेले, पुतण्या बरोबर. फलकांची मांडणी तो करणार आहे. तो मराठी बोलतो पण वाचतो गुजराती, म्हणून गुजराती विभाग त्याच्याकडे. काचेच्या फरशीवरून चालताना अजून माझ्या पोटात गोळा येतो. वरच्या मजल्याचा उजेड खाली झिरपावा म्हणून ती काच घातलेली.

आज हाती लागलं ते एक साल : १९१०.

त्या साली सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं आणि राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला सुरुवात केली. महाराजांचा खासगी ग्रंथसंग्रह त्यासाठी दिला गेला. पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची पद्धत निघाली. आणि त्याच १९१० साली सीमेपलीकडे, ब्रिटिश मुलखात, नवा प्रेस कायदा आला. मार्चमध्ये मुंबई सरकारनं गांधीजींचं गुजराती 'हिंद स्वराज' जप्त केलं. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'चा प्रयोगही बंद. कीचकात लॉर्ड कर्झन दिसतो हे प्रेक्षकांना १९०७ पासून कळत होतं, सरकारला कळायला तीन वर्षं लागली. आदल्याच वर्षी नाशिकला बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली होती, ती कवी गोविंदांच्या कविता छापल्याबद्दल.

म्हणजे इकडे पुस्तकांच्या पेट्या बैलगाडीत चढतायत आणि तिकडे पुस्तकं पोलीस ठाण्यात. मला हे इतकं सुबक वाटलं की तिथंच फलकाचा मजकूर लिहून टाकला. "बडोदे : जिथं पुस्तकं मोकळी होती."

तेवढ्यात पुतण्यानं तो खोडायला लावला. त्याला नरसिंहभाई पटेल सापडले होते. बडोदे राज्यातल्याच सोजित्र्याचे. बंगालच्या क्रांतिकारकांचं साहित्य त्यांनी गुजरातीत आणलं, आणि त्यातल्या बाँब तयार करण्याच्या कृती ज्या पुस्तकात होत्या त्याचं नाव ठेवलं 'वनस्पतिनी दवाओ'. म्हणजे झाडपाल्याची औषधं! पुतण्या इतका हसला की समोरच्या आजोबांनी चष्मा काढून पाहिलं. पण या प्रकरणात नरसिंहभाईंना राज्य सोडावं लागलं. ते आफ्रिकेत गेले आणि पुढे शांतिनिकेतनात जर्मन शिकवू लागले. बडोद्यातलं गंगनाथ विद्यालय, जिथं काका कालेलकर शिकवायचे, तेही १९११ साली बंद झालं. ब्रिटिश रेसिडेंटाची नजर होतीच. महाराज कितीही मोठे असले तरी त्यांच्या मोकळेपणाला तिथवरचीच दोरी होती.

फलकाचा मजकूर आता अर्धवट आहे. १९१० एवढाच मथळा ठेवून खाली दोन्ही बाजू लिहाव्यात, झालं.

६ जुलै, आषाढी

साबुदाण्याची खिचडी आणि 'हिंद स्वराज'. शेजारच्या पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, एका गुजराती सरांनी त्यांच्या वडिलांची प्रत दिली. जप्तीच्या काळातली नाही, नंतरची. चालेल.

या पुस्तकाची खरी गोष्ट १९१० ची नाहीच, १९१९ ची आहे. रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह. ६ एप्रिलच्या संध्याकाळी मुंबईत गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून फिरून जप्त पुस्तकं उघड विकत होते. 'हिंद स्वराज'ची किंमत चार आणे. पण चार आणे देऊन घेणारा विरळा, लोक पाच-दहाच्या नोटा देत होते. एकानं एका प्रतीचे पन्नास रुपये दिल्याचं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलंय. तुरुंगात जायची सगळ्यांची तयारी. आणि मग सरकारनं काय केलं? सांगितलं की तुम्ही विकताय ते नवं पुनर्मुद्रण आहे, आम्ही जप्त केली ती जुनी आवृत्ती, तेव्हा हा गुन्हाच होत नाही. ते ऐकून लोकांचा हिरमोड झाला.

हा हिरमोड माझ्या डोक्यातून जात नाही. पन्नास रुपये देणाऱ्यानं घरी जाऊन ते पुस्तक वाचलं का? रेल्वे, वकील, डॉक्टर यांच्यावर त्यात जे तोंडसुख आहे, त्यावर तो काय म्हणाला असेल? बहुधा तो वकीलच असणार.

आजवर मी "बंदी असताना लोक का वाचतात" एवढंच विचारत होते. त्याचं उत्तर फार सोपं आहे. आमच्या आईनं लाडू फडताळात वर ठेवले की आम्ही स्टूल शोधायचो. अवघड प्रश्न पुढचा आहे : बंदी उठल्यावर कोण वाचतं? यापुढे प्रत्येक पुस्तकाच्या कार्डावर ही एक ओळ हवी.

१३ जुलै

आज वादात गेला. 'शेतकऱ्याचा असूड' टेबलावर ठेवायचं की नाही? पुतण्याचं म्हणणं, त्यावर बंदी कधी नव्हती, तर ते इथं कशाला. मुद्दा बरोबर आहे. पण १८८३ साली जोतीरावांनी ते लिहीत असताना गावोगाव वाचून दाखवलं. सयाजीरावांनी राज्यकारभार बाजूला ठेवून ते सगळं ऐकलं आणि वर मदतही केली, हे खुद्द जोतीरावांनी प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. ज्या गोष्टी राजानं बसून ऐकल्या त्या छापायला मात्र त्यांच्याच चळवळीतल्या 'दीनबंधु' पत्राचा धीर झाला नाही. सुरुवातीची प्रकरणं छापून पुढची थांबली. जोतीराव गेले तोवर पुस्तक पुरं छापून झालं नव्हतं.

मी म्हटलं, जप्ती येण्याआधीच छापखान्याला घाम फुटला, तर ते टेबलावर नको?

पुतण्या म्हणाला, "काकू, मग टेबलाचं नाव बदला."

बदललं. 'जप्त पुस्तकं'ऐवजी 'अडवलेली पुस्तकं'. त्यानं एका वाक्यात काम केलं आणि वर लीलो (हिरवा) चिवडा संपवून गेला.

२० जुलै

चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' शोधतेय. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. अश्लीलतेचा खटला पार सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ साली काकोडकर सुटले. समाजाची मापं झपाट्यानं बदलतायत, असं न्यायालयानं तेव्हाच नोंदवलं. अंक काही मिळाला नाही. रद्दीवाल्यांकडेही नाही. दिवाळी अंकांचं आयुष्य असंच.

अंक नाही मिळाला, पण आठवण मिळाली. रावपुऱ्यातल्या एका आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, "आमचे हे असले अंक रद्दीत, वर्तमानपत्रांच्या घडीत ठेवायचे. मी त्यांच्या आधी वाचायचे. पोळ्या करताना. यांना वाटायचं मला पत्ता नाही." मी विचारलं, वाचून काय वाटलं? थोडा वेळ गेला. "अगं, काही विशेष नव्हतं. पण त्यात बाईला काहीतरी हवं असायचं. आमच्या घरात बाईला काही हवं असतं हे कुणी बोलत नसे."

यावर कार्ड लिहायचा प्रयत्न तीनदा केला. आजींचंच वाक्य ठेवलं, नाव न घालता. त्यांनी परवानगी देताना अट घातली, सुनेला सांगू नको.

र. धों. कर्व्यांच्या लैंगिक शिक्षणाच्या मासिकाचं, 'समाजस्वास्थ्या'चं, कार्ड मात्र पंधरा मिनिटांत झालं. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, खटला हरले, दंड झाला, आणि कर्वे मासिक काढतच राहिले, थेट १९५३ पर्यंत. पदरचे पैसे घालून.

९ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

परवा पेपरात बातमी होती : जम्मू-काश्मीर सरकारनं ५ ऑगस्टला पंचवीस पुस्तकं सरकारजमा केली. सकाळीच काकांचा फोन आला. "बघ. मी म्हणत होतो ना."

दुपारी राखी बांधायला भावाकडे गेले. तो वकील, म्हणून कायदा समजून घेतला. कलमाची भाषा बंदीची नाही, जप्तीची आहे. ब्रिटिशांच्या फौजदारी संहितेतली ही तरतूद पुढे कलम ९५ झाली, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ९८. सरकारला कारणं लिहून द्यावी लागतात. कुणाही संबंधिताला दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं आणि तिथं तीन न्यायमूर्तींसमोर सुनावणी होते. परदेशी पुस्तकाची वाट आणखी सोपी, कस्टमची एक अधिसूचना काढली की झालं. रश्दींचं 'सॅटॅनिक व्हर्सेस' ऑक्टोबर १९८८ मध्ये असंच अडवलं. पुढे कुणी दिल्ली उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिलं, तर ती अधिसूचनाच कुणाला सापडेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं म्हटलं, कागद नाही म्हणजे तो नाहीच असं धरू. छत्तीस वर्षं पुस्तक अडलं होतं ते ज्या कागदावर, तोच गहाळ! आमच्या लोखंडी कपाटाची आठवण झाली. तिथंही ठराव नव्हता.

काकांना धीर यावा म्हणून गुजरातचंच उदाहरण दिलं. जसवंत सिंहांचं जीनांवरचं पुस्तक १९ ऑगस्ट २००९ ला राज्य सरकारनं अडवलं आणि ४ सप्टेंबरला उच्च न्यायालयानं तो हुकूम रद्द केला. सोळा दिवस.

फोनवर काका गप्प झाले. मग म्हणाले, "ते माझ्याकडे आहे."

"काय?"

"ते पुस्तक. त्या दिवसांत मुंबईला लग्नाला गेलो होतो. दादरला घेतलं. बॅगेत साड्यांच्या खाली घालून आणलं."

"वाचलंत?"

"जाड आहे गं फार."

टेबलावर ठेवायला ते प्रत देणार आहेत. कार्डावर 'एका वाचकाच्या सौजन्याने' लिहायचं, आणि वाचक या शब्दाला माझा आक्षेप नाही असं मी कबूल केलं.

२४ ऑगस्ट

फलक छापून आले. 'जप्ती'चं 'जत्पी' झालंय एका ठिकाणी, ते स्टिकरनं झाकलं. एकूण अकरा पुस्तकं. दोन घरांतून पुस्तकं येणार होती, ती आली नाहीत. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी तळमजल्यात शिरलं, त्यात गेली. बडोद्यात एका पुरानं जितकी पुस्तकं नेली तितकी कुठल्या अधिसूचनेनं नेली नसतील.

मांडणीसाठी कल्पना सावरकरांच्या सत्तावनच्या पुस्तकावरून घेतली. ते छापून यायच्या आधीच जप्त झालं होतं. १९०९ साली इंग्रजी प्रती हॉलंडमध्ये छापून दुसऱ्याच पुस्तकांच्या वेष्टनात इकडे धाडल्या, त्यात 'पिकविक पेपर्स'चं नाव सांगतात. मूळ मराठी हस्तलिखित डॉ. कुटिन्हो यांनी अमेरिकेत सांभाळलं आणि बंदी उठली १९४६ साली. ज्या भाषेत लिहिलं त्या भाषेत ते फार उशिरा आलं. तर आम्हीही अकराच्या अकरा पुस्तकांना खोटी वेष्टनं चढवली : 'सुलभ पाककृती', 'गृहोपयोगी शिवणकाम', 'वनस्पतींची औषधं' (हे अर्थात पुतण्याचं). ज्याला पाहायचं त्यानं उघडून पाहावं.

३० ऑगस्ट

चौथा दिवस. गर्दी आरतीनंतर अर्धा तास, बाकी तुरळक.

काल नव्वदीच्या एक आजी व्हीलचेअरवरून आल्या. नाशिकच्या फलकावर कवी गोविंदांचं नाव वाचलं आणि थेट म्हणायलाच लागल्या, 'रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले'. चालीवर, सगळी कडवी, एकदाही न अडखळता. वडिलांनी शिकवली होती. घरात छापील प्रत कधी नव्हती, असं म्हणाल्या. मी टेबलाजवळ मोबाइल शोधत राहिले, रेकॉर्ड करायचं राहून गेलं. याचं वाईट वाटतंय.

आज दुसरं झालं. एक गृहस्थ, ओळखीचे, वर्गणी नियमानं देणारे. त्यांनी 'गृहोपयोगी शिवणकाम' उघडलं, आत 'सखाराम बाइंडर' निघालं. शांतपणे म्हणाले, "गणपतीसमोर हे बरं नाही दिसत." मी सांगायला लागले, की प्रयोगावरचा खटला, उच्च न्यायालय. ते म्हणाले, "मला खटल्याचं सांगू नका. माझी नात इथं येते." आवाज चढवला नाही, धमकी नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

ते गेल्यावर मी आणि ग्रंथपालबाईंनी टेबलाची दोन टोकं धरली आणि टेबल जिन्याखाली सरकवलं. तिथं ट्यूब नाही. कुणी सांगितलं नव्हतं. कार्यवाह काका तर उलट म्हणाले, "राहू दे की." ठराव नाही, कागद नाही.

पुतण्या संध्याकाळी आला, जागा पाहिली, काही बोलला नाही. घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणि टेबललॅम्प घेऊन आला.

१४ सप्टेंबर

हिशेब. फलक-छपाई अंदाजापेक्षा जास्त झाली, फरक काकांनी भरला.

विसर्जनानंतर आठवडाभरात टेबलावरचं कुणी काय घरी नेलं ते रजिस्टरवरून पाहिलं. 'असूड' दोघांनी नेलं, त्यातली एक बी.ए.ची मुलगी, तिला अभ्यासाला आहे. 'हिंद स्वराज' सरांना परत केलं, पण तिघांनी नवी प्रत मागवायला सांगितली. त्यातल्या एकानं सरळ सांगितलं, डॉक्टरांविषयी काय लिहिलंय तेवढंच पाहायचंय, स्वतः डॉक्टर आहे. जीनांचं पुस्तक काकांनी घरी नेलं. पान चाळीसवर आहेत म्हणतात. 'शामा' कुणी मागितली नाही, पण आजींचं वाक्य तिघी-चौघींनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

खाकी कागदाची सोळा-सतरा पुस्तकं उघड्या कपाटात लावली, पाठीवर नावं घालून. जिन्याखालचं टेबल पुन्हा ओसरीवर आणलं. आता गणपती नाहीत, त्यामुळे त्यात काही शौर्य नाही.

'सखाराम बाइंडर'ची पाठ जिन्याखालच्या हाताळणीत पूर्ण सुटली, म्हणून न्यायमंदिराच्या मागं आमच्या नेहमीच्या बाइंडरकडे टाकायला गेले. त्यानं नाव वाचलं, मराठी त्याला जेमतेम येतं. म्हणाला, "आ अमारा धंधानी चोपडी छे?"

मी म्हटलं, नायक तुमच्याच धंद्यातला आहे. त्यानं पुस्तक उलटंपालटं केलं, शिवण पाहिली, पंधरा दिवसांनी या म्हणाला.